मोफत वकील कोणाला मिळतो, अर्ज कुठे करायचा

कोर्टाचा कागद घरी आला की पहिला सल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा घेतला जातो. "गरिबांना सरकारी वकील मिळतो, आपल्याला नाही" हे वाक्य तिथेच कानावर पडतं आणि माणूस कर्ज काढायला धावतो. म्हणून आधी पात्रता नीट वाचा.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी आणि पूर, दुष्काळ, भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पोटगीसाठी भांडणारी, स्वतः कमावती बाईसुद्धा हक्काने अर्ज करू शकते. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. दावा लावणारा आणि दाव्याला उत्तर देणारा, दोघंही पात्र ठरू शकतात. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असावं लागतं.

अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, कार्यालयातले लोक अर्ज भरून देतात. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

ओळखपत्र, ज्या गटातून अर्ज करता त्याचा पुरावा (जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला) आणि प्रकरणाचे कागद सोबत न्या. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, त्यामुळे तहसीलदारांचा दाखला हाती नाही म्हणून थांबू नका. समन्स कोणत्या तारखेला मिळालं ते मात्र नक्की लिहून ठेवा. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्याची मुदत तिथून ३० दिवसांची असते, आणि वकील पहिला प्रश्न हाच विचारेल.

वकिलासमोर बसल्यावर आपल्या विरोधात जाणारा कागदही दाखवा. वाटणीपत्रावर सही केली असेल, उसने घेतलेले पैसे फेडायचे राहिले असतील, तर तेही सांगा. अशिलाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवायला वकील बांधील असतो. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की सल्लाच मोडीत निघतो, आणि मग चांगला वकीलही हतबल होतो.

अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. मंजूर झाला की पॅनेलवरचा, म्हणजे समितीच्या किंवा प्राधिकरणाच्या यादीतला, वकील मिळतो. कोर्ट फी आणि कागदपत्रांच्या नकलांचा खर्चही या मदतीत येतो. त्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका, समितीच्या किंवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. अर्ज फेटाळला गेला, तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.