ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह : निवड आणि जोडणी

टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबून इंजिनाकडे ढकलणारा भाग) आणि थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधील नळीवर बसणारा, कोंडलेला दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत असते. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची चकती मिटते, कॉम्प्रेसर मात्र हवा ढकलतच राहतो. वाट न मिळालेली हवा उलटून त्याच्या पात्यांवर येते, चाक मंदावते आणि फडफडल्यासारखा आवाज होतो. याला कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात. डिझेल इंजिनाचा वेग इंधनाच्या मात्रेवर ठरतो, थ्रॉटल मिटून नव्हे. त्यामुळे डिझेल गाडीला या व्हॉल्व्हची सहसा गरज नसते, आणि निव्वळ आवाजासाठी तो लावण्यात काहीच हशील नाही.

व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा कप्पा एका बारीक नळीने इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला, जोडलेला असतो. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चालू असताना व्हॉल्व्हमधल्या पिस्टनच्या वर आणि खाली जवळपास सारखाच दाब असतो, म्हणून बेताची स्प्रिंगही त्याला बंद ठेवते. थ्रॉटल मिटताच मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो; वरून ओढ आणि खालून दाब मिळून पिस्टन उचलला जातो. ‘बूस्ट वाढवला, आता स्प्रिंग कडक हवी’ हा समज यामुळेच बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. स्प्रिंग निवडायची ती इंजिन आयडलिंगला असताना गेजवर दिसणाऱ्या व्हॅक्यूमवरून. ती फार कडक झाली तर थोडा ॲक्सिलरेटर सोडल्यावर व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि सर्ज कायम राहतो.

निवडीतला खरा प्रश्न सुटलेली हवा कुठे जाते हा आहे. एका प्रकारात ती कॉम्प्रेसरच्या तोंडाशी परत सोडतात. त्याला बायपास किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात आणि कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तोच असतो. दुसऱ्या प्रकारात हवा थेट बाहेर जाते व ‘प्श्श’ असा आवाज येतो. एअर फिल्टरजवळ मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत हा दुसरा प्रकार त्रास देतो. सेन्सरने मोजलेली हवा बाहेर निघून गेली तरी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) तिच्या हिशेबानेच पेट्रोल देतो. गिअर बदलताना मिश्रणात क्षणभर पेट्रोल जास्त होते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, कधी सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडते. मॅनिफोल्डमधला दाब मोजून इंधन ठरवणाऱ्या गाड्यांत ही अडचण येत नाही. शक्ती मात्र दोन्हीतल्या कशानेच वाढत नाही. मूळ व्हॉल्व्ह गळत असेल तर नवा बसवल्यावर हरवलेला बूस्ट परत मिळतो, इतकेच.

२०००च्या दशकातील सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सवर हे सगळे उघड दिसते. तिचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) इंजिनाच्या डोक्यावरच असतो आणि बायपास व्हॉल्व्ह त्यालाच दोन बोल्टांनी जोडलेला असतो. बोल्ट, परतीची जाड नळी आणि व्हॅक्यूमची बारीक नळी सोडली की व्हॉल्व्ह हातात येतो. जुना गॅसकेट पुन्हा वापरू नये. तिथली किंचित गळतीही बूस्ट खाते. बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावायचा असेल, तर परतीच्या नळीचे उघडे तोंड घट्ट बंद करणे अत्यावश्यक आहे. ते उघडे राहिले तर न मोजलेली, न गाळलेली हवा सरळ टर्बोत जाते आणि धुळीचे कण कॉम्प्रेसरची पाती झिजवतात. ही गाडी मास एअरफ्लो सेन्सरचीच असल्याने तिच्यासाठी बायपास प्रकारच योग्य.

ज्या गाडीत तयार जागा नसते तिथे नळीवर ॲल्युमिनियमचा फ्लँज (व्हॉल्व्ह बसवायची कड) वेल्ड करून घेतात, शक्यतो थ्रॉटलच्या जवळ. वेल्डिंगनंतर नळी आतून साफ केलीच पाहिजे, कारण राहिलेला कण इंजिनात जातो. व्हॅक्यूमची नळी थ्रॉटलच्या पुढे, थेट मॅनिफोल्डवरून घ्यावी, आखूड ठेवावी आणि तिच्यावर बूस्ट गेज किंवा इतर काही जोडू नये. सिग्नल विभागला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. दोन्ही टोकांना क्लिप हवी. शेवटी यंत्रणेत कमी दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी कळते.

अलीकडच्या अनेक टर्बो पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह टर्बोवरच बसवलेला असून ईसीयू तो सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) उघडतो. फोक्सवॅगन गटाच्या २.० टीएफएसआय इंजिनात त्याचा सुरुवातीचा रबरी डायफ्रॅम (पडदा) फाटण्याची तक्रार सर्वज्ञात होती. त्यानंतर पिस्टनचा सुधारित भाग आला. अशा गाडीत बूस्ट कमी लागू लागला तर टर्बो बदलण्याआधी हा व्हॉल्व्ह काढून पाहावा. भारतात रांजणगावला बनलेली फियाट लिनिया टी-जेट आणि चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय यांच्यामुळे टर्बो पेट्रोलची आवड वाढली. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि न कळवलेल्या फेरफारावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्यामुळे रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत मूळ जागी बसणारा, हवा आत परत सोडणारा व्हॉल्व्हच घ्यावा.