जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन टाकताय? रेडिएटरची ऑर्डर देण्याआधी हे वाचून घ्या

सीजे ३बी, एमएम ५४० अशा जुन्या जीपा आमच्याकडे रेडिएटर बनवून घ्यायला येतात आणि मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "इंजिन बदललंय, गाडी गरम होते, फोर रो (म्हणजे पाण्याच्या नळ्यांच्या एकामागे एक चार रांगांचा रेडिएटर) करून द्या." फोर रो करून देऊ की, पण बऱ्याचदा तेवढ्याने काम होत नाही आणि तुमचे पैसे उगाच जातात, म्हणून हे लिहून काढलंय.

सीजे ३बी चं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद ७५ एचपीच्या आसपास. रेडिएटर त्याच हिशोबाने बनवलेला. आता त्याच ग्रिलमागे स्कॉर्पिओचं एमहॉक डिझेल इंजिन बसवलं तर तेही २.२ लिटरच, मग रेडिएटर कशाला बदलायचा असं काहीजण विचारतात. पण ते १२० एचपी देतं, आणि पाण्यात किती उष्णता जाते हे लिटरवर नाही, किती इंधन जळतंय त्यावर ठरतं. जळलेल्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटमध्ये येते. शिवाय टर्बो म्हटलं की इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आला, तो रेडिएटरच्या पुढे बसला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते, वर एसीचा कंडेन्सर असेल तर बघायलाच नको. याउलट साधं २५२३ सीसीचं बिनटर्बो डीआय डिझेल इंजिन टाकलं असेल तर चांगला थ्री रो बहुतेक वेळा पुरतो, उगाच मोठा खर्च करू नका.

आता खरा मुद्दा, हवा. जीपचं ग्रिल अरुंद, रुंदी वाढवायला जागा नाही म्हणून लोक जाडी वाढवतात, पण मागच्या रोला पुढच्या रोने तापवलेलीच हवा मिळते आणि रेडिएटरच्या जाड जाळीतून हवा ओढायला पंखाही तेवढा दमदार लागतो. हायवेवर गाडीच्या वेगाने हवा मिळते हो, पण फोर लो मध्ये (चारही चाकांना ताकद, वेग अगदी कमी) पहिल्या गिअरला दगडांतून चढताना किंवा मे महिन्यात करूळ घाट चढताना सगळी भिस्त पंख्यावर. आणि इंजिन बदलताना नेमका पंखाच चुकतो, नवीन इंजिन खाली किंवा एका बाजूला बसतं, पंखा जाळीच्या मध्यावर येत नाही, आणि शराउड (पंख्याभोवतीचं, रेडिएटरला जोडलेलं कव्हर) तर काढूनच टाकलेलं असतं. शराउड नसेल तर पंखा समोरच्या जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा फिरवत बसतो. घरी करून बघा, बोनेट बंद, इंजिन गरम झालेलं, आयडलिंगला ग्रिलवर वर्तमानपत्राचं पान धरा आणि सोडा. पान चिकटून राहिलं पाहिजे. खाली पडलं तर आधी शराउड आणि पंख्याचं बघू, रेडिएटर नंतर.

आणखी एक, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू नका. गरम होतंय म्हणून तो काढायची सवय सगळीकडे आहे, पण बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत नेणारी वाट) बंद करतो, तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं आणि गाडी जास्तच गरम होते.

रेडिएटरची वरची टाकी इंजिनच्या हेडपेक्षा खाली येत असेल (उंच इंजिन टाकलं की असं होतं) तर हवा हेडमध्ये अडकते, तापमानाचा काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड गॅस्केट उडतं. अशा वेळी सगळ्यात उंच जागी वेगळी एक्स्पान्शन टाकी (कूलंटची जास्तीची टाकी) द्यावीच लागते, यात आम्ही तडजोड करत नाही. खालच्या होस पाईपमध्ये स्प्रिंग आहे का तेही बघा, रेस दिल्यावर तो पाईप आत चेपत असेल तर पाणी पंपापर्यंत पोचतच नाही.

तांबं-पितळ की अॅल्युमिनियम? अॅल्युमिनियम हलका, त्याच्या ट्यूब रुंद असतात, थंडही छान करतो. पण जंगलात फिरणाऱ्याला आम्ही तांब्या-पितळेचाच सांगतो, कारण दगड लागून गळायला लागला तर तालुक्याच्या गावीसुद्धा सोल्डरिंग करणारा भेटतो, अॅल्युमिनियमला टिग वेल्डिंगवाला शोधावा लागतो. बसवताना रबर बुश हवेतच, जीपची चेसिस पिळते आणि कडक बसवलेल्या टाकीचा जोड सुटतो. नवीन इंजिनला साधारण ०.९ ते १.१ बार दाबाचं रेडिएटरचं झाकण लागतं, ते जुन्या रेडिएटरवर लावू नका, जोड फुटतील. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, बोरचं पाणी अजिबात नको, क्षार धरतो.

ओढ्यात गाडी घालणार असाल तर इलेक्ट्रिक पंख्याला बंद करायचं वेगळं बटण आम्ही देतो, पाण्यात फिरणारं पातं वाकून जाळीत घुसतं. चिखल धुताना प्रेशर वॉशर लांब ठेवा, फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) झोपतात, साध्या पाईपने इंजिनच्या बाजूने पुढे पाणी मारा.

माप घ्यायला गाडी आणाल तेव्हा इंजिन माउंटिंगवर पक्कं बसलेलं असू द्या, पंखा आणि बोनेट सोबत आणा. नुसता जुना रेडिएटर घेऊन आलात तर माप घेता येत नाही. आणि आरटीओची परवानगी इंजिन बसवायच्या आधी घ्या, आरसीवर इंजिन नंबर बदलून आला नसेल तर इन्शुरन्सच्या वेळी त्रास तुम्हालाच होईल.