सात घरं आणि चाळीस मांजरं

व्यायलेली मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडून द्या, पण जागा ती खरंच बदलते. फरक एवढाच की तेव्हा जागा तिने हेरलेली असते, वेळ तिने ठरवलेली असते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेणारीही तीच असते. चाळीस मांजरांचं शेल्टर नव्या जागेत हलवायचं ठरतं तेव्हा यातलं काहीच मांजरांच्या हातात नसतं. मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांच्या डोळ्यासमोर टेम्पो, पिंजरे आणि एक धावपळीचा रविवार असतो. मांजराच्या शरीरात मात्र हे शिफ्टिंग दोन आठवडे चालू राहतं. चुकाही बहुतेक आधीच्या तयारीत नाहीतर या नंतरच्या दोन आठवड्यांत होतात.

सगळ्यात हमखास चूक म्हणजे आदल्या रात्रीची धुलाई. नव्या जागेत सगळं स्वच्छ न्यावं म्हणून चादरी, गोधड्या, टॉवेल सुवासिक साबणात धुऊन काढले जातात. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, शेपटीच्या बुडाशी गंधग्रंथी असतात. खांबाला, खुर्चीच्या पायाला गाल घासून ते तिथे आपली खूण सोडतं आणि या खुणांवरून जागा ओळखतं. फ्रान्समधले पशुवैद्य पात्रिक पाजे यांनी १९९०च्या दशकात गालावरच्या या स्रावाचे भाग वेगळे केले. त्यातल्या 'एफ३' या भागाची कृत्रिम नक्कल 'फेलिवे' नावाने बाजारात मिळते. कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत, ती फवारायची असेल तर मांजर आत ठेवण्याच्या पंधरा मिनिटं आधी फवारावी, कारण त्यातलं अल्कोहोल उडून जायला तेवढा वेळ लागतो. तिचा गुण सगळ्याच मांजरांना सारखा येत नाही. मांजराची स्वतःची मळकी चादर फुकट असते आणि ती त्याच्या ओळखीची असते. ती धुऊन टाकली की मांजर नव्या जागेत अगदी कोरं पोचतं.

पण शेल्टर म्हटलं की रोगजंतू आलेच, आणि इथेच पेच आहे. वास राखायचा आणि विषाणू मारायचा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. तोड अशी: इमारत आणि सामायिक वस्तू कडक निर्जंतुक करायच्या, तेही मांजरं येण्याच्या दोन-तीन दिवस आधी. ज्याची त्याची चादर, खोका आणि ओरबाडायची फळी मात्र न धुता त्याच मांजराबरोबर जाईल. आजारी किंवा गजकर्ण झालेल्या मांजराच्या चादरीला ही सवलत नाही. मायक्रोस्पोरम केनिस या गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणू केसांना चिकटून महिनोन्महिने तग धरतात.

नव्या जागेत आधी मांजरं राहत होती का, हे घरमालकाला विचारावंच. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू पार्व्होच्या कुळातला. त्याला बाहेरचं मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि नेहमीची बरीच जंतुनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. खोलीच्या तापमानाला तो वर्षभर टिकू शकतो. त्यावर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच, चालतं. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर १० लिटरच्या बादलीत ३०० मिली, १० टक्के असेल तर १५० मिली. आधी जमीन साबणाने घासून, धुऊन काढायची, मग हे पाणी लावायचं आणि पूर्ण दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. बहुतेक ठिकाणी गडबड होते ती या दहा मिनिटांत: पंखा चालू राहतो, फरशी चार मिनिटांत वाळते आणि काम झालं असं वाटतं. मळ राहिला असेल तर क्लोरीन त्या मळावरच खर्ची पडतं. उन्हात ठेवलेला जुना कॅन निम्म्या ताकदीचा उरलेला असू शकतो. तयार केलेलं पाणी त्याच दिवशी वापरून संपवावं. हायपोक्लोराइट ॲसिडमध्ये मिसळू नये, मांजरांच्या शी-लघवीच्या ट्रेमध्ये मूत असताना त्यातही ओतू नये, विषारी वायू निघतो. सामायिक लाकडी फळ्या आणि उसवलेल्या गाद्या निर्जंतुक होतच नाहीत. त्या जुन्या जागीच सोडाव्यात.

फिनेल मात्र नको. काळ्या फिनेलमधली फिनॉलच्या वर्गातली द्रव्यं शरीराबाहेर टाकायला यकृताला एक विकर (एन्झाइम) लागतं. ते बनवणारं यूजीटी१ए६ हे जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे. (माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, त्यामागेही हेच कारण आहे.) मांजर पुसलेल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. विष पोटात जायला तेवढं पुरतं.

कॅरिअर दोन आठवडे आधीच पिंजऱ्यात उघडं ठेवावं आणि खाणं त्यातच द्यावं. वरूनही उघडणारं, टणक प्लास्टिकचं कॅरिअर सगळ्यात सोयीचं: घाबरलेल्या मांजराला ओढून काढावं लागत नाही. जुन्या कॅरिअरच्या दाराची खिट्टी आणि दोन भाग जोडणारे स्क्रू तपासून वर प्लास्टिकच्या केबल टाय आवळाव्यात. उचलताना नुसती वरची मूठ (हँडल) न धरता खालून हात द्यावा, कारण पाच किलोचा बोका आत उसळला की मूठ निखळते. एका कॅरिअरमध्ये एकच मांजर. पिल्लांसह आई तेवढी अपवाद. मोठ्यांना निघण्याआधी चार-पाच तास खाणं देऊ नये, म्हणजे गाडीत उलटी होत नाही. लहान पिल्लांना उपाशी ठेवू नये, त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. फारच बिथरणाऱ्या मांजरांना पशुवैद्य गॅबापेंटिन देतात. ते निघण्याच्या दीड-दोन तास आधी द्यावं लागतं, हे वेळापत्रकात आधीच बसवावं.

प्रत्येक कॅरिअरवर चिकटपट्टीने नाव, फोटो आणि मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक लावावा. मोजणी चार वेळा: दार बंद करताना, गाडीत चढवताना, उतरवताना आणि नव्या खोलीत. मोजणारा माणूस एकच असावा आणि त्याने दुसरं काही उचलू नये. मे महिन्यात बंद टेम्पोचा मागचा भाग भट्टीसारखा तापतो. सकाळी सहा ते नऊमध्ये काम उरकावं, शक्य तर एसी गाडीतून. कॅरिअरवर पातळ चादर टाकावी, पण हवेच्या फटी बुजवू नयेत. मांजराने तोंड उघडून धापा टाकल्या तर ते नुसतं घाबरलंय असं समजू नये. गाडी थांबवावी, गारवा करावा आणि पशुवैद्याला फोन लावावा.

बोचकारणं-चावणं होणारच. चावलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजराचे सुळे बारीक असतात. जखम वरून किरकोळ दिसते आणि आत, सांध्यापाशी, पाश्चुरेला जिवाणू वाढत असतात.

नव्या खोलीत पोचल्यावर प्रत्येक मांजराला लपायला खोका हवा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१४ साली शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. काहींना खोका दिला, काहींना नाही. खोका मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच सावरली. बाकीच्यांना सुमारे दोन आठवडे लागले. पुठ्ठ्याचा, एका बाजूला भोक पाडलेला किराण्याचा खोका पुरतो. ट्रे, खाणं आणि झोपायची जागा यांत निदान दोन फुटांचं अंतर ठेवावं. जुन्या ट्रेमधली मूठभर वापरलेली माती (कॅट लिटर) नव्या ट्रेमध्ये मिसळावी. सोबत राहणारी मांजरं एकाच फेरीत आणावीत. एक आज, दुसरं परवा असं केलं तर वास बदलतो आणि जुने सोबती एकमेकांवर गुरगुरतात.

मग सुरू होते शिंकांची वाट. मांजरांना शिंका आणणाऱ्या हर्पीस विषाणूची लागण एकदा झाली की तो बहुधा कायमचा आत राहतो, चेहऱ्याच्या चेतापेशींच्या गाठीत दबा धरून. ताणामुळे तो जागा होतो, पण लगेच नाही. ताणानंतर साधारण ४ ते ११ दिवसांनी विषाणू बाहेर पडू लागतो. शरीराबाहेर हा विषाणू दुबळा असतो, ओल्या जागीही दिवसभरापलीकडे फारसा टिकत नाही. म्हणजे पार्व्हो इमारतीतून येऊ शकतो, हर्पीस मात्र मांजराबरोबरच प्रवास करून येतो, आणि कितीही फरशी पुसली तरी तो थांबत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी शिंका सुरू झाल्या की सगळे नव्या जागेला बोल लावतात! म्हणून पहिले दोन आठवडे नवीन मांजरं घेऊ नयेत, कामाचा क्रमही मोडू नये: आधी पिल्लं, मग निरोगी मोठी, शेवटी आजारी.

पिंजऱ्याबाहेर तक्ता टांगावा: किती खाल्लं, लघवी, शी, शिंका. चोवीस तास खाल्लं नाही तर दखल घ्यावी, अठ्ठेचाळीस तासांवर पशुवैद्य गाठावा. उपाशी मांजराच्या, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. याला बद्धकोष्ठ समजून दुधात तूप पाजणारे लोक अजूनही भेटतात.

या काळात साफसफाई जागच्या जागीच करावी: घाण झालेला भाग पुसायचा, चादर राहू द्यायची. दोन आठवडे उलटल्यावर धुवायला हरकत नाही, पण सगळं एकदम नाही. आज चादर, तीन-चार दिवसांनी गोधडी, आणि खोका फाटेपर्यंत तसाच.