दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचे नियम आले कुठून?

दारू सुटावी म्हणून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या, म्हणजे एएच्या, मीटिंगला पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतोच. आडनाव कुणी विचारत नाही, फी नाही, समोर बोलायला डॉक्टर नाही. जो तो स्वतःच्या पिण्याबद्दल सांगतो आणि कुणी मध्ये तोंड घालत नाही. या रीती कुणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच फसलेल्या प्रयोगांतून आणि भांडणांतून आल्या आहेत.

१८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी दारू सोडायची शपथ घेतली, तीही दारूच्या गुत्त्यात बसून. ते ‘वॉशिंग्टनियन’ म्हणून ओळखले गेले. प्रवचनं नकोत, पिणाऱ्यानेच दुसऱ्या पिणाऱ्याला आपली कहाणी सांगावी, ही त्यांची रीत. काही वर्षांतच लाखोंनी शपथ घेतली. १८४२ मध्ये अब्राहम लिंकन यांनीही स्प्रिंगफील्डला त्यांच्यासमोर भाषण केलं. पुढे दारूबंदीचे कायदे, गुलामगिरीचा प्रश्न, राजकारण अशा सगळ्या वादांत चळवळ ओढली गेली आणि दशक संपेपर्यंत जवळजवळ विरून गेली. आजच्या मीटिंगमध्ये बाहेरच्या कुठल्याही वादावर संस्था म्हणून मत दिलं जात नाही, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

मे १९३५. शेअर बाजारात काम केलेला न्यूयॉर्कचा बिल विल्सन ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटलेला. लॉबीच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला चर्चची नावं लावलेला फलक. आधीचे काही महिने त्याने अनेक पिणाऱ्यांना समजावून पाहिलं होतं. त्यांतला एकही सुधारला नव्हता, पण त्या खटपटीत त्याची स्वतःची दारू मात्र बंद राहिली होती. म्हणून त्याने बारकडे न जाता एका पाद्र्याला फोन लावला. आपल्याला एखादा पिणारा माणूस भेटायला हवा, ही त्याची मागणी! ओळखीतून ओळख निघत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला. पंधराच मिनिटं बसेन, या अटीवर आलेले डॉक्टर सहा तासांहून जास्त बसले. विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःचं सांगितलं. मीटिंगमधल्या शेअरिंगचं मूळ या बोलण्यात आहे.

डॉक्टर त्यानंतरही एकदा घसरले. १० जून १९३५ ला त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. ते स्थिर राहावेत म्हणून विल्सननेच त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची दारू, आणि एएचा स्थापना दिवसही तोच मानतात. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, पण थरथर साधी नसते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टरकडे जावं. ते काम मीटिंगचं नाही.

पैशाचा नियम असाच अनुभवातून आला. सुरुवातीच्या मंडळींनी धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मदत मागितली. त्यांनी १९३८ मध्ये ५,००० डॉलर दिले आणि जास्त पैशाने हे काम बिघडेल असं बजावलं. तेव्हा ही मंडळी हिरमुसली असणार. पुढे मात्र बाहेरची देणगी घ्यायचीच नाही, सदस्यांनी स्वखुशीने टाकलेल्या पैशांत भागवायचं, हा दंडक झाला. नाव न सांगण्याचं कारण आधी बदनामीची भीती हे होतं. नंतर प्रसिद्धीची हाव आणि उद्या एखादा गाजलेला सदस्य पुन्हा प्यायला लागला तर सगळ्यांवर येणारी नामुष्की, हेही विचारात आलं.

देवावरून तर पहिल्यापासून वाद. एएच्या १९३९ च्या पुस्तकातल्या, दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या लिहिताना नास्तिक सदस्य अडून बसले, तेव्हा ‘आम्हाला उमगलेला ईश्वर’ अशी शब्दयोजना झाली. ती तडजोड सगळ्यांना पुरली नाही. पुढे वेगळे गटही निघाले: १९७५ मध्ये स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’, १९९४ मध्ये ईश्वराचा विषय बाजूला ठेवून विचार-वर्तनाच्या तंत्रांवर भर देणारं ‘स्मार्ट रिकव्हरी’. घरच्यांसाठीचं ‘अल-अ‍ॅनॉन’ १९५१ चं. विल्सनची पत्नी लोईस हिने एकदा त्याच्या सततच्या मीटिंगांना वैतागून बूट भिरकावला होता. नवऱ्याची दारू सुटली तरी आपलं काय, हा तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

या सगळ्याचा उपयोग होतो का? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ जण होते. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. म्हणजे प्रत्येकाला लागू पडतातच असं नव्हे.

ग्रुप शोधणं आता विल्सनच्या त्या फोनाफोनीइतकं अवघड राहिलेलं नाही. मीटिंगच्या यादीत ‘खुली’ लिहिलं असेल तर नातेवाईक किंवा नुसतं ऐकायला आलेला माणूसही बसू शकतो. ‘बंद’ मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते, ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं. एक ग्रुप जमला नाही तर दुसऱ्यात जाऊन पाहावं, कारण प्रत्येक ग्रुप आपला कारभार आपणच चालवतो आणि त्यामुळे दोन ग्रुपचं वातावरण सहसा सारखं नसतं.