रत्नागिरीत मुक्काम : लातूरहून निघणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

नमस्कार. सहलीचं बुकिंग केलंत, आता निघण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं, ही विनंती.

आपली गाडी संध्याकाळी लातूर सोडते आणि सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून कोकणात उतरते. ज्यांना गाडी लागते त्यांनी कोल्हापूरच्या थांब्यावर चहा-बिस्किटावर भागवावं. घाटातली वळणं भरल्या पोटाला सोसत नाहीत.

सगळे दिवस मुक्काम रत्नागिरी शहरातच ठेवतो, कारण रोज बॅगा भरून नवं लॉज गाठण्यात आजी-आजोबांचे फार हाल होतात. इथून उत्तरेला गणपतीपुळे आणि दक्षिणेला स्वामी स्वरूपानंदांचं पावस, दोन्ही साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत.

आधी भरती-ओहोटी समजून घ्या

आपल्या मांजरा धरणाचं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि उतरतं. समुद्राचं दिवसातून दोनदा. त्यामुळे कुठे कधी जायचं हे आम्ही घड्याळाआधी तिथी बघून ठरवतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि मधे सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी सगळ्यात वर येतं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण दिवसाची आखणी करायला एवढं पुरतं.

म्हणून संकष्टीला गणपतीपुळ्याला गेलो तर पहाटेच दर्शन आणि गणपतीच्या डोंगराला प्रदक्षिणा उरकतो, मग ओहोटीच्या ओल्या वाळूत मुलांना खेळू देतो. पाणी उतरत असताना मात्र कुणीही आत जायचं नाही. उतरतं पाणी माणसाला आत ओढतं. पुळ्याचा किनारा दिसायला शांत आहे, पण तिथे पोहणारी माणसंही बुडाली आहेत. ज्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, तिथलं पाणी बहुधा आत ओढणारं असतं. ते शांत दिसतं म्हणून तिकडे वळू नका. गुडघ्याच्या वर पाणी नको. आमचा माणूस शिट्टी घेऊन काठावर उभा असतो; शिट्टी वाजली की बाहेर यायचं, मग वय कितीही असो. विहिरीत पोहण्याचा सराव समुद्रात कामाला येत नाही, हे तरुण मंडळींना आम्ही कळकळीने सांगतो.

जाताना आरे-वारेच्या किनारी रस्त्याने नेतो. पुळ्याला लागूनच मालगुंड, कवी केशवसुतांचं जन्मगाव. तिथलं स्मारक मुलांना जरूर दाखवा.

शहरात

भर दुपारी किनाऱ्यावर उन्हात थांबण्यात अर्थ नाही. ती वेळ शहरासाठी ठेवा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. 1916 मध्ये इथेच वारला. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत आहे. सर्व जातींसाठी खुलं असावं म्हणून सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून 1931 मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिरही बघा. संध्याकाळी रत्नदुर्ग किल्ल्यावर भगवतीचं दर्शन घ्या, तिथून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो.

वेळ उरला तर उक्षी गावाला चला. वेरूळची लेणी काळ्या बसाल्टात कोरली, इथे जांभ्याच्या, म्हणजे तांबड्या दगडाच्या, उघड्या सड्यावर (खडकाळ माळावर) कुणी तरी फार प्राचीन काळी भलामोठा हत्ती कोरून ठेवला आहे. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. आमच्या मते अख्ख्या सहलीत याच्याइतकं नवल दुसरं नाही. चित्रावर पाय देऊ नका.

जेवण आणि आंबे

ज्वारीची भाकरी मिळेलच असं नाही, तांदळाची मिळते. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. शाकाहारी मंडळींना सोलकढी, घावन, उकडीचे मोदक भरपूर. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजा मासा कमी आणि महाग.

मे महिन्यात हापूस घेताना रंगावर जाऊ नका. देठाजवळ खोलगट आणि दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले असतील तर फळ झाडावर पूर्ण तयार झालेलं आहे. असा हिरवा आंबाच घ्या. घरी पेंढ्यात आढी लावली की पिकतो. पेट्या डिकीत कोंडून ठेवू नका, उष्णतेने फळ बिघडतं. ड्रायव्हरला सांगा, तो मागच्या सीटांजवळ जागा करून देईल.