रिफ्रेश मारून लॅपटॉप पळत नाही

लॅपटॉप अडखळला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारायचं, म्हणजे रॅम (चालू कामांची तात्पुरती मेमरी) मोकळी होते, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. प्रत्यक्षात रिफ्रेशमुळे डेस्कटॉपच्या फोल्डरची यादी पुन्हा वाचली जाते आणि आयकॉन नव्याने मांडले जातात. रॅम मोकळी होत नाही. आयकॉन लुकलुकतात, म्हणून काहीतरी झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

जुन्या लॅपटॉपचं खरं दुखणं बहुधा हार्ड डिस्क असते. तिची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि फाइलींचे विखुरलेले तुकडे वाचायला तिच्यातल्या वाचणाऱ्या हेडला सतत इकडून तिकडे सरकावं लागतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती बसवली की फरक लगेच जाणवतो. तोवर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जाऊन आपोआप सुरू होणारी नको ती ॲप्स बंद करा.