जुनं वेल्डिंग मशीन घेण्याआधी घरचा मीटर बघा

एखादं वर्कशॉप बंद होतं, कुणी नवीन इन्व्हर्टर मशीन घेतं, आणि कोपऱ्यात पडलेलं जुनं तेलाचं मशीन (कॉइल तेलात बुडवलेलं ट्रान्सफॉर्मरचं वेल्डिंग मशीन) भंगाराच्या भावात मिळतं. ते घ्यायला आमची ना नाही. गेट, ग्रिल, ट्रॉलीचा फाळका, गोठ्याचे पाइप अशी घरची कामं असं मशीन पुढची वीस वर्षंही करू शकतं. पण उद्यमनगरात आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक मशीनमध्ये मुळात काही बिघाडच नसतो. ते मशीन त्या घरासाठी नसतं, एवढंच.

दोन फेज की एक

आपल्याकडची बहुतेक जुनी तेलाची मशीनं दोन फेजवर, म्हणजे 415 व्होल्टवर चालतात. घरात येते एक फेज, 230 व्होल्ट. नेमप्लेटवर 80 व्होल्ट ओपन सर्किट (म्हणजे आर्क न मारता होल्डरला येणारे व्होल्ट) लिहिलेलं दोन फेजचं मशीन घरच्या लाइनवर लावलं, तर होल्डरला जेमतेम 44 व्होल्ट येतात. रॉड नुसता चिकटतो, आर्क धरत नाही. मग फोन येतो, "मशीन मेलं." मशीन ठणठणीत असतं.

काही मशीनना 230 चंही टर्मिनल असतं. तिथे अडचण वेगळी. दहा नंबरचा रॉड (3.15 मिमी) नीट जळायला 100 अँपिअर तरी लागतात. 80 व्होल्टच्या मशीनला तेवढे द्यायला 415 वर सुमारे 19 अँपिअर खेचावे लागतात, 230 वर मात्र 35. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो आधी वाचा. एक-दोन किलोवॅट असेल तर आर्क मारताच शेजाऱ्यांचे दिवेही मंद होतील. तरीही चालवायचंच असेल तर बारा नंबरच्या (2.5 मिमी) रॉडवर थांबा. त्याला 60 ते 90 अँपिअर पुरतात.

शेतीपंपाच्या जोडणीवरून मशीन चालवायचा सल्ला गावात सर्रास मिळतो. ती जोडणी शेतीसाठीच मंजूर असते. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली आकारणी होते. आणि तारेवर आकडा टाकून वेल्डिंग कुणीही करू नये. ती चोरी आहेच, वर त्यात जीव जातो.

घरी एकच फेज आहे आणि काम पातळ पत्र्याचं किंवा चौकोनी पाइपचं आहे, अशा गिऱ्हाइकाला आम्ही सरळ सांगतो, जुनं घेऊ नका, लहान इन्व्हर्टर मशीन घ्या. आमचं एक काम जातं, पण तुमचे पैसे वाचतात.

मशीन बघायला जाताना

रंगावर जाऊ नका. झाकण काढायला लावा आणि कॉइलच्या टोकाजवळ ब्लेडने नखभर खरवडा. अॅल्युमिनियमच्या तारेवरचं इनॅमलही तांबूस असतं, त्यामुळे नुसतं बघून भले भले फसतात. खरवडल्यावर खाली लाल दिसलं तर तांबं, पांढरं चमकलं तर अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमचं मशीन वाईट असतं असं नाही, पण त्याचे सांधे सैल होतात, जळतात, आणि भाव तांब्याचा द्यायचा नसतो.

मग तेल. टाकीच्या तळाशी ड्रेनचा बोल्ट असतो. मशीन रात्रभर हलवू नका, सकाळी बोल्ट थोडा सैल करून पहिलं अर्धा ग्लास काचेच्या बरणीत धरा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशीच बसतं. गोठ्यात चार-पाच पावसाळे काढलेल्या मशीनमधून आधी नुसतं पाणीच येताना आम्ही पाहिलंय. अशा मशीनला तिथेच प्लग लावून "चालतंय का बघू" म्हणणं म्हणजे चांगली कॉइल आपल्या हाताने जाळणं. विकणारा कितीही म्हणू दे, बटण दाबू नका.

आमच्याकडे आल्यावर

पहिल्यांदा 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर लावतो: प्रायमरी (लाइनकडची कॉइल) ते बॉडी, सेकंडरी (होल्डरकडची कॉइल) ते बॉडी आणि दोन्ही कॉइलमध्ये. ओल धरलेल्या मशीनचा काटा शून्याजवळ लोळतो. तेल काढून कॉइल मंद उष्णतेवर सुकवली की बहुतेक वेळा तोच काटा वर चढतो आणि रिवाइंडिंगचा खर्च टळतो. सुकवायला दोन-तीन दिवस जातात, कृपया घाई करू नका. 5 मेगओहमच्या खाली आम्ही मशीन हातात देत नाही.

त्यानंतर नवीन तेल, सैल स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) आवळणं, जळके टर्मिनल बदलणं. येणारी केबल तांब्याची, स्वतंत्र अर्थिंग वायरसह. एमसीबी 'डी' टाइपचा घ्या. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर मोठा करंट घेतो, त्यावर साधा एमसीबी उगाच पडतो.

आर्क सुधारायचा असेल तर वेगळ्या पेटीत ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), फॅन आणि चोक (करंट स्थिर ठेवणारी कॉइल) बसवून मशीन डीसी करता येतं. लो हायड्रोजन आणि स्टेनलेसचे रॉड त्यावर छान चालतात. चोक महाग पडतो म्हणून नको, असं बरेच जण म्हणतात. चोकशिवाय आर्क फडफडतो आणि सगळा खर्च वाया जातो, म्हणून तसं अर्धवट काम आम्ही घेत नाही.

घरी वापरताना

अर्थ क्लॅम्प थेट जॉबला, घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा. नळाच्या पाइपला किंवा स्लॅबच्या सळईला नको. परतीचा करंट वाट चुकला की शेजारी ठेवलेल्या ड्रिलची बारीक अर्थिंग वायरसुद्धा जाळतो.

होल्डरचे 80 व्होल्ट कमी वाटतात, पण घामेजलेल्या अंगाला आणि ओल्या जमिनीवर तेवढे पुरेसे आहेत. पावसाळ्यात रबरी मॅट आणि कोरडे हातमोजे नसतील तर त्या दिवशी काम करू नका. काळी काच 10 किंवा 11 नंबरची घ्या. पोरांना बघत उभं राहू देऊ नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन ती रडतात. जीआय पाइपचा जस्ताचा थर सांध्याजवळ आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा. डिझेलचा रिकामा ड्रम धुतलेला असला तरी त्याला हात लावू नका.

प्लेटवर 40 टक्के ड्यूटी सायकल लिहिली असेल तर त्या करंटला दहा मिनिटांत चार मिनिटं वेल्डिंग, सहा मिनिटं विश्रांती.

सौदा ठरवण्याआधी मशीनच्या नेमप्लेटचा आणि तुमच्या वीजबिलाचा फोटो घेऊन दुकानात या. मशीन घ्यावं की नाही, हे सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.